हुकूम आणि हवा: दोन्ही तपासून घेण्याची रीत

सरकारचा अधिकार कागदावर चालतो. तलाठ्यापासून सचिवापर्यंत कोणालाही तुमच्या जमिनीला, बोलण्याला किंवा चालण्याला अटकाव करायचा असेल, तर हातात कलम, तारीख आणि सही असावी लागते. अतिरेक घडतो तो बहुतेक वेळा यांपैकी काहीतरी नसताना, किंवा सगळे असूनही समोरच्याने ते वाचायला मागितले नाही म्हणून. ‘लोकांना हेच हवे आहे’ अशी हवा उठवली जाते तीही याच फटीतून. म्हणून हुकूम असो की हवा, पहिला प्रश्न एकच ठेवावा: कागद कुठे आहे?

कागद हातात आला की चार गोष्टी बघायच्या. काढला कोणी, कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली, लागू कधीपासून कधीपर्यंत, आणि सही कोणाची. ‘वरून आदेश आहे’ यात चारांपैकी एकही नाही.

शासन निर्णय कसा वाचावा

आधी उतरंड समजून घ्या. अधिनियम म्हणजे विधिमंडळाने किंवा संसदेने केलेला कायदा. त्याखाली नियम, मग अधिसूचना. या राजपत्रात छापून येतात. त्याखाली शासन निर्णय, म्हणजे जीआर, आणि सगळ्यात खाली परिपत्रक. खालचा कागद वरच्याला ओलांडू शकत नाही. कायद्यात नसलेला दंड परिपत्रकाने लावता येत नाही, आणि कायद्याच्या आधाराशिवाय कर घेता येत नाही. हे तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २६५ मध्येच लिहिलेले आहे. गृहनिर्माण सोसायटी, शाळा किंवा नगरपालिका ‘जीआर आहे’ म्हणून पैसे मागते तेव्हा त्या जीआरमध्ये कोणत्या अधिनियमाचे नाव घेतले आहे ते शोधा. नाव नसेल तर तिथेच बोट ठेवा.

महाराष्ट्राचा खरा जीआर ओळखणे सोपे आहे. वर विभागाचे नाव, क्रमांक आणि दिनांक, मग ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ या मथळ्याखाली जुने कागद, मग प्रस्तावना, मग प्रत्यक्ष निर्णय. शेवटी तो शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचे आणि त्याचा संकेतांक अमुक असल्याचे वाक्य असते. संकेतांक १८ अंकी असतो आणि त्याचे पहिले आठ अंक सहसा वर्ष, महिना, दिवस सांगतात. खाली ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ आणि डिजिटल स्वाक्षरी. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या बनावट जीआरमध्ये संकेतांक नसतो, नाहीतर दुसऱ्याच जीआरचा चिकटवलेला असतो. तो अंक शासनाच्या जीआर संकेतस्थळावर शोधा. दोन मिनिटे लागतात. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का तेही बघा. नुसते ‘महाराष्ट्र’ हे नाव कोणीही विकत घेऊ शकतो.

खरा जीआर सापडला तरी वाचन उरतेच. २०२५ सालचे हिंदीचे प्रकरण यासाठी उत्तम धडा आहे. १६ एप्रिलच्या जीआरने पहिली ते पाचवी हिंदी ही तिसरी भाषा म्हणून अनिवार्य केली. गदारोळ झाला आणि आठवड्याच्या आत शिक्षणमंत्र्यांनी ‘अनिवार्य’ हा शब्द काढणार असल्याचे सांगितले. पुष्कळांनी विषय संपला असे धरले. पण कागद बदलला नव्हता. सुधारित कागद आला १७ जूनला, म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांनी, आणि त्यात ‘अनिवार्य’च्या जागी ‘सर्वसाधारणपणे’ बसले होते. दुसरी भाषा घेता येईल, पण वर्गातल्या किमान २० मुलांनी ती मागितली पाहिजे, अशी अट सोबत होती. खेड्यातल्या शाळेत वर्गात मुळात वीस मुले असतात का? ज्यांनी मथळ्यावर न थांबता ती अट वाचली, त्यांच्या लक्षात आले की शब्द बदलला तरी परिणाम फारसा बदललेला नाही. २९ जूनला मंत्रिमंडळाने दोन्ही जीआर रद्द करायचे ठरवले. हिंदी असावी की नसावी यावर कोणाचे काहीही मत असो, मंत्र्याचे पत्रकार परिषदेतले वाक्य आणि सही झालेला कागद यांत किती अंतर असू शकते ते इथे दिसते.

वाचताना पेन्सिल घेऊन काही शब्दांखाली रेघ ओढा: ‘आवश्यकतेनुसार’, ‘सक्षम प्राधिकारी ठरवील त्याप्रमाणे’, ‘इत्यादी’, ‘तत्सम’, ‘सर्वसाधारणपणे’. हे रबराचे शब्द. अधिकारी ताणतील तेवढे ताणले जातात. ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यांतला फरक तर सोडूच नका. पहिल्यात बंधन आहे, दुसऱ्यात मर्जी. ‘अधिक्रमित करून’ असे दिसले की कोणता जुना जीआर गेला ते ‘वाचा’मधून काढून त्यात तुमच्या बाजूचे काय होते ते बघा, नव्या कागदात काय नाही हे जुना वाचल्याशिवाय कळत नाही. आणि ‘शुद्धिपत्रक’ या नावावर जाऊ नका. टंकनदोष दुरुस्त करायला निघालेल्या शुद्धिपत्रकात पुष्कळदा धोरण बदललेले असते.

हवा कशी तपासावी

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेसाठी फिरणारे लोक होते. त्या वर्षी देशभर फिरलेली मूल उचलण्याची एक चित्रफीत मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या जाहिरातीतली होती. मोटारसायकलवाले मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, तो शेवट कापून टाकलेला होता. खोटी चित्रफीत बनवायला एवढेच लागते: खरी घ्यायची आणि शेपूट छाटायचे.

म्हणून चित्रफीत आली की ती कुठे सुरू होते आणि कुठे तुटते ते आधी बघा. वाक्याच्या मध्येच सुरू झाली असेल तर आधीचे वाक्य कोणीतरी काढले आहे. मग एक स्पष्ट चौकट थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्सवर, म्हणजे चित्रावरून शोध घेणाऱ्या साधनावर, टाका. निकालांत सर्वांत जुनी तारीख शोधा, पहिला निकाल नव्हे. एकदा जमले नाही तर चेहरा सोडून दुकानाची पाटी, गाडीचा क्रमांक किंवा गणवेश एवढाच भाग कापून पुन्हा शोधा. या तुकड्यांवर बहुधा जास्त मिळते. ध्वनिफितीचे काम अवघड. तिथे असा शोध चालत नाही, म्हणून गाव, तारीख आणि पोलीस ठाणे यांपैकी एकही ठोस नाव नसलेली ध्वनिफीत पुढे न पाठवणे हाच शहाणपणा.

व्हॉट्सअॅपवर दुहेरी बाण आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण दिसली, तर तो मजकूर पाच किंवा जास्त हातांतून आलेला असतो. असा मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ही अडचण चुकवण्यासाठी लोक मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवतात, आणि मग बाण दिसत नाही. बाण नाही म्हणून मजकूर ताजा असे समजू नये. त्यातले एखादे दहा-बारा शब्दांचे वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलवर आणि एक्सवर शोधा. तेच वाक्य, त्याच चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासह, पन्नास खात्यांवर दिसले तर ते पन्नास लोकांचे मत नाही. कोणीतरी वाटलेला तो एकच कागद आहे. शुद्धलेखनाच्या चुका इथे बोटांच्या ठशांसारख्या उपयोगी पडतात.

खाते तपासताना निर्मितीची तारीख बघा. फेसबुकच्या पानावर पारदर्शकतेचा विभाग असतो. त्यात पानाचे आधीचे नाव काय होते आणि ते चालवणारे कोणत्या देशात आहेत हे कळते. काल ‘मराठी सुविचार’ असलेले पान आज प्रचार करू लागले असेल तर ते तिथे उघडे पडते. पैसे देऊन दाखवल्या जाणाऱ्या राजकीय जाहिरातींसाठी मेटाची, म्हणजे फेसबुकच्या कंपनीची, जाहिरात लायब्ररी आहे. पानाचे नाव टाकले की खर्च कोणाच्या नावाने झाला आणि अंदाजे किती, ते दिसते. छापील पत्रकाचे काम त्याहून जुने आणि सोपे: लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ प्रमाणे निवडणुकीच्या पत्रकावर आणि भित्तिपत्रकावर मुद्रक व प्रकाशकाचे नाव-पत्ता छापणे बंधनकारक आहे. तळाशी ती बारीक ओळ नसेल तर त्याचा फोटो काढून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते.

आता ‘सर्वेक्षणात इतके टक्के लोकांनी पाठिंबा दिला’ हा प्रकार. तीन गोष्टी मागा: किती लोक, कसे निवडले, प्रश्न नेमका काय होता. खरोखर यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या १००० जणांच्या पाहणीत साधारण ३ टक्के इकडे-तिकडे चूक धरावी लागते. पण त्याच पाहणीतून ‘कोकणाचा कौल’ काढला आणि त्यात कोकणातले ८० जणच असतील, तर चूक ११ टक्क्यांवर जाते आणि ४८ विरुद्ध ५२ याला काही अर्थ उरत नाही. ज्याला वाटेल त्याने बटण दाबायचे अशा ऑनलाइन मतचाचणीत तर किती चूक धरावी याचा अंदाजच लावता येत नाही; तिथे लाख मते पडली तरी ती मोजदाद नव्हे, गर्दी आहे. प्रश्नाचे शब्दही तपासा. ‘शहर स्वच्छ करण्यासाठी अतिक्रमणे हटवावीत का?’ आणि ‘तीस वर्षे राहणाऱ्यांची घरे पुनर्वसनाशिवाय पाडावीत का?’ हे एकाच कारवाईबद्दलचे दोन प्रश्न आहेत, आणि पहिल्यावर भरघोस ‘होय’, दुसऱ्यावर भरघोस ‘नाही’ मिळवता येते.

सरकारी खुलाशाचे काय? पीआयबीचा, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचा, फॅक्ट चेक जरूर वाचा, पण सरकारचे म्हणणे म्हणून वाचा. बनावट योजना आणि नोकरभरतीच्या जाहिराती पकडायला तो उपयोगी आहे. वाद जिथे सरकारच्याच कामाबद्दल आहे तिथे एका पक्षकाराला न्यायाधीश करता येत नाही. केंद्राने २०२३ मध्ये नियम बदलून स्वतःबद्दलचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार स्वतःच्याच तथ्य तपासणी कक्षाला दिला होता. तो बदल मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवला. आणि हीच कसोटी आपल्या आवडत्या विरोधी पक्षाच्या मजकुरालाही लावा. व्यवहारात माणूस फसतो तो न पटणाऱ्या खोट्याने नाही, पटणाऱ्या खोट्याने.

हरकत नोंदवणे

मसुदा जाहीर झाला की ‘हरकती व सूचना’ मागवल्या जातात: प्रभागरचना, विकास आराखडा, मतदारयादी, नियमांतले बदल. जाहिरात छापून येते कमी खपाच्या वर्तमानपत्रात, आतल्या पानावर, बारीक टायपात. मुदत त्या जाहिरातीतच लिहिलेली असते आणि ती प्रसिद्धीच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही वाचले त्या तारखेपासून नाही. हरकतीचे पत्र एक पानाचे पुरे. मसुद्याचे नाव व क्रमांक, ज्या कलमाला विरोध आहे त्याचा आकडा, त्यातले मूळ शब्द, त्याने काय बिघडेल, आणि त्या जागी कोणते शब्द हवेत. शेवटचा भाग लोक विसरतात. ‘आमचा तीव्र विरोध आहे’ एवढे लिहिले की ते पत्र विरोधाच्या गठ्ठ्यात मोजले जाते. पर्यायी शब्द दिले तर कोणाला तरी त्यावर टिपणी लिहावी लागते. ‘प्रत्यक्ष सुनावणी मिळावी’ ही ओळही घाला. छापील एकाच मजकुराच्या हजार प्रती पाठवण्यापेक्षा वेगवेगळ्या कलमांवरची वीस पत्रे जड जातात.

याचा उपयोग होतो का? विशेष जनसुरक्षा विधेयक २०२४ मध्ये आले तेव्हा त्यात व्यक्ती आणि संघटना दोन्ही येतील अशी ढोबळ भाषा होती. विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे १२ हजारांवर हरकती-सूचना गेल्या. १० जुलै २०२५ ला विधानसभेने मंजूर केलेल्या रूपात उद्देश कडव्या डाव्या ‘किंवा तशा प्रकारच्या’ संघटनांपुरता आणला गेला, आणि तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. कायदा थांबला नाही. ‘तशा प्रकारच्या’ हे रबर राहिले आणि टीकाकारांचा रोख त्यावरच आहे. पण मूळ मसुदा आणि मंजूर विधेयक शेजारी ठेवून वाचले तर पत्रांचे वजन कुठे पडले ते दिसते.

माहिती अधिकार: अर्ज असा लिहा की टाळता येणार नाही

राज्य शासनाच्या कार्यालयासाठी अर्ज ‘जोडपत्र अ’च्या नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि सुमारे १५० शब्द अशी मर्यादा आहे, म्हणून दोन विषय असतील तर सरळ दोन अर्ज करा. केंद्राच्या कार्यालयासाठी पोस्टल ऑर्डर चालते आणि शब्दांची मर्यादा ५०० आहे. कारण सांगावे लागत नाही. कलम ६(२) तसे स्पष्ट म्हणते. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करायचा असतो, परत करायचा नसतो.

अर्ज फसतो तो प्रश्नाच्या रूपामुळे. ‘हा रस्ता का बंद केला?’ याला ‘अशी माहिती अभिलेखात उपलब्ध नाही’ असे उत्तर येते आणि ते नियमात बसते, कारण कायदा कागद देतो, स्पष्टीकरण देत नाही. म्हणून कागदाचे नाव घ्या: ‘रस्ता बंद करण्याच्या दि. … च्या आदेशाची साक्षांकित प्रत, त्या आदेशाशी संबंधित नस्तीतील सर्व टिपण्या व पत्रव्यवहाराच्या प्रती’. नस्ती म्हणजे फाइल, आणि टिपणी म्हणजे तिच्यात अधिकाऱ्यांनी लिहिलेले शेरे. ‘टिपणी’ हा शब्द विसरू नका. आदेशात निष्कर्ष असतो. कोणी विरोध केला होता, कोणी ‘चर्चा केली’ असे लिहून सही केली, हे टिपणीत सापडते. नस्तीची नेमकी माहिती नसेल तर आधी नस्ती पाहण्यासाठी, म्हणजे अवलोकनासाठी, अर्ज करा. पहिला तास मोफत असतो. जाताना वही न्या, पानांवर क्रमांक आहेत का ते बघा, हवी ती पाने नोंदवून तिथेच प्रती मागा. प्रत २ रुपये पान.

मुदत ३० दिवस. जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती असेल तर ४८ तास, आणि तसे अर्जाच्या डोक्यावर लिहावे. उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले, तर ३० दिवसांच्या आत पहिले अपील ‘जोडपत्र ब’मध्ये, २० रुपयांच्या स्टॅम्पसह, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. त्याने ३०, फार तर ४५ दिवसांत निकाल द्यायचा. त्यानंतर ९० दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे. तिथे अपिले तुंबलेली असतात, महिनोन्‌महिने जातात, हे धरूनच चाला. आयोग दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजारांपर्यंत दंड लावू शकतो. अपिलात तो मागितला नाही तर बहुधा विषयच निघत नाही.

अलीकडे सगळ्यात जास्त येणारा नकार ‘व्यक्तिगत माहिती’चा. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने या अपवादाची भाषा बरीच रुंद केली आहे. यावर उतारा म्हणजे माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(२): जनहित हानीपेक्षा मोठे असेल तर अपवादातली माहितीही देता येते. म्हणून ज्या अर्जात कोणा अधिकाऱ्याचे किंवा ठेकेदाराचे नाव येणार आहे, त्यात जनहित काय ते दोन ओळींत आधीच लिहून ठेवा.

दारात पोलीस, हातात नोटीस

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, पण ठाण्यात अजून जुनेच बोलले जातात, म्हणून दोन्ही माहीत असावेत. जुनी १६० म्हणजे आता १७९: साक्षीदार म्हणून बोलावणे. जुनी ४१अ म्हणजे ३५(३): संशयित म्हणून हजर राहण्याची नोटीस. जुनी १४९ म्हणजे १६८: दखलपात्र गुन्हा रोखण्यासाठी दिलेली समज, मोर्चाच्या आदल्या रात्री कार्यकर्त्यांच्या घरी पोहोचते ती हीच. जुनी १४४ म्हणजे १६३, जास्तीत जास्त दोन महिने. महाराष्ट्रात जमावबंदी पुष्कळदा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली लावतात. शासनाच्या मंजुरीशिवाय ती १५ दिवसांपलीकडे जात नाही. मागची संपून पुढची नवी तारीख पडली आहे का, तेवढे बघा.

नोटिशीत कलम कोणते यावर सगळे अवलंबून आहे. १७९ ची असेल तर १५ वर्षांखालील मुलगा, ६० वर्षांवरील पुरुष, कोणतीही स्त्री, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस यांना ठाण्यात बोलावता येत नाही. जबाब घरी येऊन घ्यायचा असतो. ३५(३) ची असेल तर हजर राहा, आणि हजर राहिल्याची पोहोच घ्या. नोटिशीचे पालन करणाऱ्याला सहसा अटक करता येत नाही, करायची तर कारणे लिहून ठेवावी लागतात. ही नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवणे म्हणजे कायदेशीर बजावणी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आहे. फोनवरून ‘डिजिटल अरेस्ट’ करणारा तर पोलीस नसतोच. असा प्रकार कायद्यात नाही. फोन ठेवा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा.

‘साहेबांनी नुसते बोलावलेय, चहा प्यायला’ यावर नम्र उत्तर: ‘येतो, नोटीस द्या.’ आवाज चढवू नका. चढला की मूळ विषय राहतो बाजूला आणि शासकीय कामात अडथळ्याचा नवा विषय सुरू होतो.

झडती घ्यायला आले तर वॉरंट मागा. वॉरंटशिवाय झडती घेता येते, पण त्याची कारणे अधिकाऱ्याने आधी लिहून ठेवायची असतात. परिसरातले दोन स्वतंत्र पंच लागतात, आणि नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक आहे. ‘चित्रण सुरू आहे ना?’ हे मोठ्याने, चित्रणातच विचारा. जप्त वस्तूंच्या यादीची प्रत घेतल्याशिवाय सही करू नका, आणि कोऱ्या जागेवर आडवी रेघ मारा. मोबाइल किंवा लॅपटॉप घेतला तर यादीत मेक, मॉडेल, आयएमईआय क्रमांक आणि शक्य असेल तर हॅश व्हॅल्यू लिहून मागा. हॅश म्हणजे आतल्या मजकुराचे सील: पुढे एक अक्षर जरी बदलले तरी आकडा जुळत नाही. ती नसेल तर नंतर काय घातले, काय काढले हे सिद्ध करणे फार कठीण. पासवर्ड सांगायचा की नाही यावर वेगवेगळ्या न्यायालयांची मते वेगळी आहेत. तिथे ‘वकिलांशी बोलून सांगतो’ हेच उत्तर.

अटक झालीच तर कारणे लेखी मिळायला हवीत. वरळीतल्या एका अपघाताच्या खटल्यातून निघालेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये हे सर्व गुन्ह्यांना लागू केले: कारणे आरोपीला कळणाऱ्या भाषेत, लेखी, आणि लगेच शक्य नसेल तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी. नातेवाइकाला कळवणे, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेणे, आणि सूर्यास्तानंतर स्त्रीला अपवाद वगळता अटक न करणे हे जुनेच नियम आहेत. कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १५१०० कागदावर लिहून पाकिटात ठेवा. फोन तेव्हा तुमच्याकडे नसेल.

ठाण्यात काही गैर घडले तर दुसऱ्याच दिवशी सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा लेखी अर्ज द्या, तारीख आणि तासासह. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या आदेशाप्रमाणे ते १८ महिने राखायचे असते. ‘यंत्र बंद होते’ हे उत्तर आले तर तेही लेखी घ्या.

रद्द झालेले कलम लावले जाण्याची शक्यताही धरा. पालघरच्या दोन तरुणींना नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली, त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ होते. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले, तरी त्यानंतरही अनेक वर्षे ठिकठिकाणी त्याखाली गुन्हे नोंदवले गेले. एफआयआरची प्रत हातात आली की प्रत्येक कलम आज जिवंत आहे का ते बघा.

तडीपारीच्या नोटिशीला वेगळी घाई लागते. पोलीस अधिनियमाच्या कलम ५९ प्रमाणे म्हणणे मांडण्याची संधी देणे बंधनकारक आहे. त्या सुनावणीला गैरहजर राहिलात तर पुढे बोलायला जागा कमी उरते. आदेशावर ३० दिवसांत शासनाकडे अपील. घर पाडण्याच्या नोटिशीला सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने १५ दिवस मिळाले आहेत, सुनावणी मिळाली आहे, आणि अंतिम आदेशानंतर आणखी १५ दिवस. पण रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदीपात्र यांवरच्या बांधकामाला हे संरक्षण नाही. नोटीस दारावर चिकटवली असेल तर ती काढण्याआधी दारासकट फोटो काढा. मागची तारीख टाकून चिकटवलेली नोटीस पकडायला तोच फोटो कामी येतो.

घरातली फाइल

एक साधी बॉक्स फाइल पुरते. दिलेल्या प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत, तिच्यावर आवक शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख. ‘ठेवून जा, बघतो’ असे म्हणणाऱ्या टेबलावर अर्ज ठेवून येऊ नका. टपाल कक्षात द्या. तिथेही शिक्का नाकारला तर पोहोच-पावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि पाकिटावर विषय लिहा, म्हणजे ‘पाकीट कोरे होते’ असे म्हणता येत नाही. फोनवर झालेल्या बोलण्याची तारीख, वेळ, नाव आणि पद त्याच दिवशी वहीत उतरवा, आणि जमल्यास ‘आज झालेल्या बोलण्यानुसार’ अशी दोन ओळींची ई-मेल पाठवून ठेवा. त्यांनी उत्तर दिले नाही तरी तारीख लागते.

सोसायटीच्या किंवा गावाच्या व्हॉट्सअॅप समूहाचे अॅडमिन असाल तर इतरांच्या मजकुरासाठी तुम्ही आपोआप दोषी ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये तसे म्हटले आहे. स्वतः पुढे पाठवलेल्या मजकुराला मात्र ‘आले तसे पाठवले’ हा बचाव नाही. कागदपत्रांचे फोटो समूहावर टाकताना आधार क्रमांकाचे पहिले आठ अंक आणि क्यूआर कोड दोन्ही झाका. नुसता क्रमांक झाकून क्यूआर उघडा ठेवणारे खूप दिसतात. मतदारयादीतले आपले नाव निवडणूक जाहीर झाल्यावर बघण्यात अर्थ नाही, प्रारूप यादी लागली त्याच आठवड्यात बघा. नाव गळले असेल तर नमुना ६, चुकीचे असेल तर नमुना ८, आणि तुमच्या नावावर कोणी हरकत घेतली असेल तर ती नमुना ७ मध्ये असते. तिची प्रत मागा, आणि हरकत घेणाऱ्याची सही खरी आहे का ते सुनावणीत विचारा.